खोली आत्ताच गेली!

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. खिशात मावणाऱ्यांपैकी नव्हे. टेबलावर ठाण मांडून बसणारा, वायरने भिंतीला बांधलेला, वांगी रंगाचा. आता माझी वायर कापलेली आहे आणि मी एका कपाटावर बसून असतो. कुणी पाहुणे आले की माझा रिसीव्हर कानाला लावून "हॅलो, हॅलो" करतात, हसतात आणि ठेवून देतात. मी राग मानत नाही. खरं सांगायचं तर थोडा मानतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाला बायका ओळीने बसलेल्या असत. एकीने माझ्या पोटात तारा जोडल्या, दुसरीने घंटी बसवली, तिसरीने बटणं. त्यात एक बटण खास होतं. ते दाबलं की पलीकडचा आवाज साऱ्या खोलीला ऐकू जाई. शेवटच्या टेबलावरची बाई प्रत्येक फोनमध्ये एकच वाक्य बोलून तो तपासायची: "दूध उतू गेलं, शेगडी बंद कर." माझ्या पोटातून गेलेलं पहिलं वाक्य हेच.

आधी मी एका विमा कंपनीत होतो. तिथे माझा तोरा काही विचारू नका. साहेब मला रोज पुसून घ्यायचे. मग कंपनी बुडाली, खुर्च्यांबरोबर माझीही विक्री झाली आणि मी भांड्यांच्या दुकानावरच्या दोन लहानशा खोल्यांत आलो. दारावर पाटी होती, 'हक्क केंद्र'. केवळ मुसलमान आहे म्हणून ज्याच्यावर अन्याय झाला, त्याची बाजू मांडायचं काम तिथे चाले. मला वाटलं, कुठे येऊन पडलो! इथे ना गालिचा, ना पंखा धड. पण मित्रांनो, फोनला काम पाहिजे, आणि इथे कामाला तोटा नव्हता.

कुणाला गोदामाचा मुकादम म्हणाला होता, "दाढी काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नको." कुण्या मुलीला परीक्षेच्या दारात डोक्यावरचा रुमाल सोडायला लावला होता. एकाला नोकरीचा होकार आला, आणि त्याचं नाव कुणीतरी नीट वाचल्यावर नकार आला. सगळे माझ्या कानाशी येऊन बोलायचे. काही जण आधी नुसताच घसा खाकरायचे.

दुसऱ्याही तऱ्हेचे फोन येत. नाव नाही, गाव नाही, उचलला की नुसत्या शिव्या. "बंद करा ते दुकान, नाहीतर जिन्यातच गाठू." माणूस कान झाकू शकतो, फोनला ती सोय नाही. जे येईल ते पोचवायचं. तसलं काही माझ्या पोटातून गेलं की मला माझीच किळस यायची.

केंद्र चालवणाऱ्या वकीलबाई स्वतः मुसलमान होत्या. अंगाने काटकुळ्या, बोलण्यात फटकळ. चहा मागवायच्या आणि प्यायला विसरायच्या. फोनपाशी बसायच्या त्या ऑपरेटरबाई. सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून निवृत्त झालेल्या. त्या मुसलमान नव्हत्या. "घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा इथे माणसांशी बोलते," असं म्हणून एकदा आल्या आणि इथल्याच झाल्या. शिव्या देणाऱ्याला त्या मधाळ आवाजात सांगत, "आवाज फार फाटतोय तुमचा. कोमट पाण्याच्या गुळण्या करा." आणि मला ठेवून देत. पण ठेवल्यावर माझा रिसीव्हर पदराने दोनदा पुसून काढत.

एके दिवशी दुपारी एक नर्स जिना चढून आली. मागच्या रस्त्यावरच्या हॉस्पिटलात ती कामाला होती. नवरा जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा घरी येणारा. ती राहायची नर्सच्या वसतिगृहात, आणि तिथे मुलं ठेवायला परवानगी नव्हती. त्यामुळे तिची लहान मुलगी दूरच्या गावी आजीजवळ होती. मुलीला सगळे मिठू म्हणत, कारण तिचं तोंड मिटत नसे. आजीला आता डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. हॉस्पिटलाजवळच्या शाळेने मिठूसाठी जागा धरून ठेवली होती, पण राहण्याचा पत्ता दाखवल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नव्हता. शाळा उघडायच्या आत नर्सला खोली हवी होती. एवढंच तिचं मागणं होतं.

"खोल्या आहेत हो," ती वकीलबाईंना म्हणाली. "मी नाव सांगेपर्यंत असतात. सांगितलं की जातात."

संध्याकाळी ड्यूटीवर जाण्याआधी ती माझ्यावरून आईला फोन करू लागली. वकीलबाईंनीच तसं सांगितलं होतं. आईशी दोन शब्द होतात न होतात तोच पलीकडे झटापट व्हायची आणि मिठूचा आवाज यायचा.

"अम्मी, घर मिळालं का?"

"मिळेल हं, बघतेय मी."

"नानीने आज साखर समजून मीठ घातलं चहात! आम्ही दोघींनी प्यायला. घर मिळालं की मला मांजर घेशील?"

"आधी घर तर मिळू दे, बाई माझी."

नर्स हसत हसत बोलायची. रिसीव्हर ठेवला की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मी लहान मुलांचे पुष्कळ आवाज वाहिले आहेत, पण या आवाजाची मी वाट बघायला लागलो होतो.

हॉस्पिटलामागच्या गल्लीत एक दुमजली घर होतं. 'वरची खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी फाटकावर कित्येक दिवस लटकत होती. नर्स रोज तिच्यासमोरून कामावर जायची. तिथेही तिला "खोली आत्ताच गेली" हेच ऐकावं लागलं होतं, आणि पाटी जिथल्या तिथे.

धर्म बघून घर नाकारायचं नाही, असा कायदा होता. त्यासाठी समान हक्क मंडळही होतं. पण कायदा असून काय उपयोग? सिद्ध कसं करायचं? तोंडावर कुणी म्हणत नाही की, तुम्ही मुसलमान म्हणून नको. सगळे गोड बोलून खोली 'घालवतात'. म्हणून केंद्राने एक पद्धत काढली होती. तिला ते 'जोडफोन' म्हणत. आधी मुसलमान माणसाने फोन करायचा, लगोलग दुसऱ्याने. नोकरी तीच, कुटुंब तेवढंच, भाडं तेवढंच, फरक फक्त नावाचा. खोली एकाला गेलेली आणि दुसऱ्याला रिकामी निघाली, तर पुरावा मिळाला. मात्र मागच्या खेपेला हाच पुरावा मंडळापुढे टिकला नव्हता. त्या केसमधला घरमालक म्हणाला होता, "दुसऱ्या बाई बोलायला नम्र वाटल्या, म्हणून मी मन बदललं. धर्माचा काय संबंध?" केस गेली. त्या आठवड्यात वकीलबाई कुणाशी धड बोलल्या नव्हत्या.

या वेळी त्यांनी खालच्या भांडेवाल्या काकांना साक्षीदार म्हणून वर बोलावलं. काका हात पँटला पुसत आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. माझ्याजवळ टेपरेकॉर्डर ठेवला. माझं ते खास बटण दाबलं. 

आधी नर्सने नंबर फिरवला.

"नमस्कार, वरची खोली भाड्याने आहे ना?"

"आहे, आहे. कोण बोलतंय?"

तिने नाव सांगितलं. पलीकडे थांबा आला. शब्द कुणालाही ऐकू येतात, मित्रांनो. मला तो थांबा ऐकू येतो. श्वास आत घेतला जातो, आणि बाहेर येतो तेव्हा आवाज बदललेला असतो.

"अहो, काय सांगू तुम्हाला! खोली आत्ताच गेली."

"पण पाटी अजून आहे फाटकावर."

"काढायची राहिली बघा. सांगतो कुणाला तरी."

नर्सने मला हलकेच ठेवलं आणि ती स्टुलावर जाऊन बसली. वकीलबाईंनी मान हलवली. ऑपरेटरबाईंनी तोच नंबर फिरवला.

"नमस्कार. खोलीची पाटी पाहिली. रिकामी आहे का हो?"

"आहे की! कुणासाठी हवीय?"

ऑपरेटरबाईंनी आपलं नाव सांगितलं. "भाचीसाठी. जवळच्याच हॉस्पिटलात नर्स आहे. एक लहान मुलगी, बस्स. नवरा जहाजावर असतो."

"मग तर फारच उत्तम! घरात नर्स असली म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांना आधार. आणि लहान मूल काय, घराला शोभाच. उद्या सकाळी या. किल्ली माझ्याकडेच आहे."

नर्सने तोंडावर मूठ दाबून धरली. नोकरी तिचीच, मुलगी तिचीच, आणि स्वागत चाललं होतं दुसऱ्याच नावाचं. वकीलबाईंनी हाताने खूण केली, पुरे, आवरा आता.

"बरं तर," ऑपरेटरबाई खुशीत म्हणाल्या, "येते सकाळी. खुदा हाफिज."

भांडेवाल्या काकांनी डोळे मिटले. वकीलबाई अर्धवट उठल्या, तशाच राहिल्या. ऑपरेटरबाईंना तर आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता. दिवसभर माझ्यावरून बोलणारी माणसं याच दोन शब्दांनी निरोप घेत आणि बाई त्याच शब्दांनी उत्तर देत. इतकी वर्षं देऊन देऊन ते त्यांच्या तोंडात बसले होते.

"काय म्हणालात?" पलीकडून आवाज आला.

"मी... येते म्हटलं."

"नाही, त्याच्यानंतर." पुन्हा तोच थांबा. "तुम्ही त्यांच्यातल्या का?"

"कुणातल्या हो?"

"तसं काही नाही... थांबा हं, आत्ताच आमची ही सांगतेय, खोली तिच्या भावाला कबूल केलीय म्हणे. म्हणजे गेलीच म्हणायची. माफ करा." आणि फोन खट्कन बंद.

"जळली मेली माझी जीभ!" ऑपरेटरबाई कपाळावर हात मारून रडायलाच लागल्या. "पोरीच्या हातातोंडाशी आलेला घास घालवला मी!"

"साधं 'ठेवते' म्हणायचं होतं, बाई!" वकीलबाई कडाडल्या. "आता तो सावध झाला. आता कुणाचाही फोन गेला तरी तो हेच सांगणार."

नर्स उठली. तिने ऑपरेटरबाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "काकू, रडू नका. निरोपच घेतलात ना, शिवी तर नाही दिलीत." एवढं बोलून ती ड्यूटीवर निघून गेली. त्या संध्याकाळी तिने आईला फोन केला नाही.

वकीलबाईंनी टेप मागे फिरवला. निदान पहिला भाग तरी वापरता येतो का, ते त्यांना बघायचं होतं. त्यांनी तो ऐकला, थांबवला, पुन्हा ऐकला. मग थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. असं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"बाई, इकडे या. ऐका जरा. मागच्या केसमधला घरमालक म्हणाला, दुसरी बाई नम्र वाटली म्हणून मन बदललं. इथे दुसरी बाई आहे कुठे? एकच बाई, एकच फोन, नोकरी तीच, मुलगी तीच. 'किल्ली माझ्याकडेच आहे' आणि 'खोली गेली' या दोन्हींच्या मधे काय आहे? तुमचे दोन शब्द. बाकी काहीच नाही!"

ऑपरेटरबाईंनी नाक पुसलं. "म्हणजे माझी जीभ जळाली नाही तर?"

"राहू दे अजून थोडे दिवस. मंडळापुढे लागेल."

तक्रार दाखल झाली, आणि मग जे दिवस आले त्यांची आठवण नको वाटते. शिव्यांचे फोन दुप्पट झाले. एकाने तर नर्सच्या ड्यूटीची वेळ सांगून विचारलं, "एकटीच जाते ना ती त्या गल्लीतून?" तेव्हापासून भांडेवाले काका दुकान मुलावर टाकून तिला हॉस्पिटलापर्यंत सोडायला जाऊ लागले. मेट्रनने तिला बोलावून सांगितलं, "तुझं खरं असेल गं, पण हॉस्पिटलचं नाव उगाच चर्चेत नको." आणि एका सकाळी जिन्याखाली कुणीतरी माझी तार कापली. मित्रांनो, तार कापली की फोनला काय होतं माहीत आहे? काहीच होत नाही. तेच फार भयंकर असतं. समोर सगळे बोलताना दिसतात, आणि आपल्यात ना कुणाचा श्वास ना कुणाचा शब्द. तार जोडली गेली तेव्हा पहिला फोन नर्सच्या आईचा आला.

"परत ये गं," आई म्हणत होती. "इथे मिळेल काहीतरी काम. शाळाही आहे. दगडावर डोकं किती आपटून घेशील?"

नर्सने रिसीव्हर हाताने झाकून वर पाहिलं. वकीलबाई समोरच बसल्या होत्या. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "केस तुमची आहे," एवढंच म्हणाल्या.

"अम्मा, मी परत येईन," नर्स म्हणाली, "पण तिथेही काम मागताना नाव सांगावंच लागेल ना. तिथे मी दुसरं नाव कुठून आणू?"

सुनावणीच्या तोंडावर एक नवीनच भानगड उभी राहिली. घरमालकाच्या वकिलांनी हरकत घेतली की, एवढ्या जुनाट डबड्यातून असा खणखणीत आवाज येणं शक्य नाही, साक्षीदार खोटं बोलतोय, टेपही बनावट आहे. डबडं! मला! मंडळाने मला हजर करायला सांगितलं. ऑपरेटरबाईंनी मला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि मी जन्मात पहिल्यांदा साक्ष द्यायला निघालो.

मंडळाच्या खोलीत उंच टेबलामागे अध्यक्ष बसले होते. बाजूला घरमालक. मला वाटलं होतं, कुणी राक्षस असेल. तो होता इस्त्रीचा शर्ट घातलेला, मऊ बोलणारा, थकलेला म्हातारा माणूस. शेजाऱ्यासारखा शेजारी. माझी वायर भिंतीला जोडली.

"कुठेही फोन लावा," अध्यक्ष म्हणाले. "मला आवाज ऐकायचा आहे."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग नर्स पुढे आली. तिला पाठ असलेला एकच नंबर तिने फिरवला आणि बटण दाबलं. पलीकडे झटापट ऐकू आली, आणि मिठूचा आवाज साऱ्या खोलीत घुमला.

"अम्मी! घर मिळालं का?"

नर्सने अध्यक्षांकडे पाहिलं.

"अम्मी? शाळेचा डबा पण घेतलाय नानीने. सांग ना, मिळालं का?"

"सांगते हं तुला," नर्स कशीबशी म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"आवाज येतो," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता टेप लावा."

टेप वाजला. संपल्यावर घरमालकाचे वकील ऑपरेटरबाईंकडे वळले.

"तुम्ही मुसलमान नाही. मग ते शब्द का वापरलेत? माझ्या अशिलाला मुद्दाम जाळ्यात ओढायला?"

"छे हो. सवय. दिवसभर तेच ऐकते, तेच बोलते. निरोप घ्यायचा होता, घेतला."

"अर्थ तरी माहीत आहे का त्याचा?"

"माहीत आहे की." ऑपरेटरबाईंनी घरमालकाकडे पाहिलं. "देव तुम्हाला सांभाळो. मी यांना म्हटलं, देव तुम्हाला सांभाळो, आणि यांनी माझी खोली काढून घेतली."

वकील खाली बसले. घरमालक मान खाली घालून म्हणाला, "मला स्वतःला काही नाही हो. शेजारी काय म्हणतील, म्हणून..." त्याने शर्टाची बाही सारखी केली. नर्स त्याच्याकडे बघत राहिली. रागाने नाही; दमलेलं माणूस बघतं तशी.

शाळा उघडायच्या आत खोली नर्सला द्यावी आणि तिची माफी मागावी, असा निकाल झाला. परतताना ऑपरेटरबाईंनी मला टॉवेलात गुंडाळलंच नाही. छातीशी धरून, साऱ्या रस्त्याला दाखवत आणलं. मला फार आनंद झाला. तुमच्यापासून कशाला लपवू?

नर्स त्या घरात राहायला गेली, नानी आणि मिठू आल्या, शाळेत नाव लागलं. मला वाटलं, संपली गोष्ट. तोच एके दिवशी शाळा सुटायच्या वेळेला मी वाजलो. गल्लीच्या तोंडावरच्या दुकानातून मिठू बोलत होती.

"फोनवाल्या आजी, इथे गल्लीत मुली खेळतायत. मला पण खेळायचंय. पण त्या आधी नाव विचारतात." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "काय सांगू?"

फोनवर बोलता बोलता ऑपरेटरबाई उठून उभ्या राहिल्या. आमच्या इतक्या वर्षांच्या सहवासात हे पहिल्यांदाच घडत होतं. मग त्या म्हणाल्या, "तुझं नाव काय गं?"

मिठूने नाव सांगितलं. मलाही जेमतेम ऐकू आलं.

"मला कमी ऐकू येतं बाळा. मोठ्याने सांग."

तिने जरा मोठ्याने सांगितलं.

"अजून मोठ्याने!"

मिठू अशी ओरडली की माझी घंटी आतल्या आत झणझणली.

"हां! अस्संच जाऊन सांग."

पोर रिसीव्हर दुकानाच्या फळीवर तसाच टाकून पळाली. ऑपरेटरबाईंनी मला कानाशी घट्ट धरलं. मी ऐकत होतो. चपलांचा आवाज, मुलींचा गलका, मग कुणीतरी विचारलं, "ए, तुझं नाव काय?" मिठूने अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं. गलका थांबला. बाईंनी दुसऱ्या कानात बोट घातलं. मग एक मुलगी पलीकडून ओरडली, "बरं, तुझ्यावर राज्य!"

मित्रांनो, जुन्या फोनला जपा, त्याची धूळ पुसा, असं मी काही सांगणार नाही. धूळ बसली तर बसू दे. पण तुमच्या गल्लीत कुणी नवी मुलगी राहायला आली, तर तिला नाव जरूर विचारा. आणि नाव ऐकून झालं की तिच्यावर राज्य द्या.